मुखरूभाऊ पाणी चाखतात

आमचे मुखरूभाऊ रेडिएटरमध्ये पाणी ओतण्याआधी ते स्वतः चाखून बघतात.

हे सांगितलं की लोक हसतात आणि म्हणतात, मास्तर, तुम्ही नाटकातली माणसं, काहीही तिखटमीठ लावून सांगता. आता मी नाटकात नट नाही, ऑर्गन वाजवतो. समोर गाणारा कधी सूर सोडेल याचा नेम नसतो, त्यामुळे ऑर्गनवाल्याला तिखटमीठ लावायला सवड मिळत नाही. शिवाय मुखरूभाऊ आमचे ड्रायव्हर, आणि तेरा सीझन मी या माणसाच्या बाजूच्या सीटवर बसून काढले आहेत. डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगतो.

तर स्टिअरिंगच्या खाली एक पितळी पेला सुतळीनं बांधलेला असतो. गाव कोणतंही असो, पाणी हापशीचं असो, विहिरीचं असो की नळाचं, मुखरूभाऊ आधी ते पेल्यात घेतात. मग पेल्यातून तळहातावर. तळहातावरून तोंडात. मग खुळखुळ, खुळखुळ. मग डावा डोळा मिटून आकाशाकडे बघायचं. आम्ही वीस माणसं तोवर रस्त्याच्या कडेला तोंडं बघत उभी. मग बाजूला पिचकन चूळ टाकायची आणि निकाल सांगायचा.

"चंद्रपूरचं पानी जड हाये, मास्तर. पोटात जाऊन बसते, उठाचं नाव घेत नाई."

"गडचिरोलीचं पानी सरकारी. धा टेबलं फिरून आल्यावानी लागते."

मी एकदा म्हटलं, "आणि आपल्या वडशाचं?"

"थे घरचं हाये. घरच्याले नावं ठेवाची नसतात."

हा निकाल शेवटचा. त्यावर अपील नाही. एका गावात खुद्द सरपंच बादली घेऊन उभे होते, डोक्याला नवा फेटा, मागे दहा-बारा माणसं. मुखरूभाऊंनी चाखलं, चूळ टाकली आणि म्हणाले, "नाई चालत." सरपंच लालबुंद. म्हणाले, "अजी, हेच पानी आमी पेतो!" मुखरूभाऊ शांतपणे म्हणाले, "तुमी प्या. तुमाले इलाज नाई. गाडीले हाये." त्या दिवशी नाटकाचा पडदा वर गेला तो आमचे मालक शालिकराव सरपंचांसमोर अर्धा तास हात जोडून उभे राहिले म्हणून.

"मानूस लपवते, मास्तर. पानी लपवत नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून चारदा तरी ऐकावं लागतं. पहिल्या वर्षी मला ते फार खोल वाटलं. दुसऱ्या वर्षी कंटाळा आला. पुढे ते इंजिनच्या आवाजात मिसळून गेलं.

गाडीबद्दल सांगायला पाहिजे. आमची नाटक कंपनी वडशाची. धान कापून झाला की झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, गावागावांत नाटकं लागतात आणि चार महिने आम्ही फिरतीवर असतो. आमची गाडी म्हणजे कधीकाळची लाल बस. भंगारात निघाली, शालिकरावांनी घेतली, आणि मुखरूभाऊंनी एका सुताराला हाताशी धरून तिचा कायापालट केला. मागच्या सीटा काढून झोपायच्या फळ्या बसवल्या. टपावर पडदे आणि बांबू. दोन खिडक्यांच्या मधे रंगरंगोटीचा आरसा. पुढच्या सीटा मात्र तशाच ठेवल्या, त्यांच्यावरच्या पाट्यांसकट. त्यामुळे आमची हिरोईन 'महिलांकरिता राखीव'वर बसते आणि खलनायक प्रल्हाद 'विधानसभा सदस्य' लिहिलेल्या सीटवर. मी कंडक्टरच्या जागेवर. कंडक्टरची दोरीसुद्धा मुखरूभाऊंनी काढू दिली नाही. डबल बेल वाजल्याशिवाय ते गाडी हलवत नाहीत. मालक गाडीत बसून 'चला, चला' म्हणून ओरडत असले तरी नाही. आणि डबल बेल वाजली की थांबत नाहीत. एकदा शालिकराव खाली पानटपरीवर उभे असताना कोणीतरी चुकून दोरी ओढली. मालकांना मागून ऑटोनं यावं लागलं.

आता एक गोष्ट. ती गाडीतल्या सगळ्यांना माहीत होती आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.

मुखरूभाऊंना एकच मुलगी, योगिता. बायको लवकर गेली. मुलगी धानोऱ्याला कॉलेजात शिकायला गेली आणि तिथं मनिराम नावाचा मुलगा तिला आवडला. मुलगा गोंडाचा, धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या बोडीटोल्याचा. घरची धानाची शेती, मोहफुलं, तेंदूपत्ता. शिकलेला, बोलायला गोड. पण मुखरूभाऊंच्या डोक्यात भलतंच बसलं होतं. समाज काय म्हणेल, भाऊकी काय म्हणेल. सहा वर्षांपूर्वी मुलीनं लग्न केलं आणि आशीर्वाद घ्यायला दारात आली तेव्हा ते म्हणाले, "जा. पन तुया घरचं पानी पेनार नाई."

आमच्याकडे भांडणात माणसं काय वाट्टेल ते बोलतात आणि आठ दिवसांनी एका ताटात जेवतात. पण घरचं पाणी पिणार नाही, हे एकदा बोललं की विषय संपला. मग तो माणूस त्या घरच्या मयतीलाही अंगणाबाहेर उभा राहतो. मुखरूभाऊ जिल्हाभरचं पाणी चाखत फिरले. बोडीटोल्याचं तेवढं राहिलं.

गेल्या सीझनच्या सुरुवातीला, दिवाळीच्या सुमाराला, मनिराम वडशाला आला. त्यांच्या गावानं पहिल्यांदाच नाटक ठेवायचं ठरवलं होतं आणि मंडळाचा सचिव म्हणून तो तारीख घ्यायला आला होता. कंपन्या वडशात चिक्कार आहेत, तो आमच्याकडेच आला. मुखरूभाऊ तेव्हा गाडीखाली होते, बाहेर फक्त पाय. मी स्टुलावर बसून ऑर्गनचा भाता पुसत होतो.

मनिराम त्या पायांपाशी उकिडवा बसला आणि त्यांच्याकडच्या रीतीनं नमस्कार केला. "जोहार, मामाजी."

गाडीखालची पान्ह्याची खटखट थांबली.

"नाटक घेतलं जी आमी. तुमचंच," तो पायांना म्हणाला. "गावात शिरल्या शिरल्या मोहाचं मोठं झाड हाये. त्याच्या समोरच आपलं घर. आंगनात विहीर हाये. योगितानं सांगा म्हनलं."

मग उठला, मला नमस्कार केला आणि गेला. खटखट पुन्हा सुरू झाली. जरा वेळानं मुखरूभाऊ बाहेर आले, हात पुसत मला म्हणाले, "का म्हने थो?"

म्हणजे ऐकूच आलं नाही! मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मोहाचं झाड, घर, विहीर. त्यांनी सगळं पहिल्यापासून ऐकलं. मग म्हणाले, "मोहाचं झाड डाव्या हाताले की उजव्या?"

"ते नाही सांगितलं."

"हं," म्हणाले आणि परत गाडीखाली गेले.

त्याच आठवड्यात गाडीला नवा रेडिएटर आला. जुना इतक्या वेळा झाळला होता की त्यात रेडिएटर कमी आणि डाग जास्त. नवा चांगला पितळी, चकचकीत. मुखरूभाऊंनी तो दोन दिवस खपून बसवला आणि गावातलं सगळ्यात चांगलं पाणी, अर्थातच चाखून, त्यात भरलं.

सीझनच्या आधी आमच्याकडे पूजा असते. ऑर्गन, तबला, पडदा, घुंगरं, सगळ्यांना हळदकुंकू. गाडीलाही. या वेळी नवा रेडिएटर दिसावा म्हणून पुढची जाळी काढून ठेवली होती आणि त्याला झेंडूचा हार घातला होता. नारळ फोडायचा मान शालिकरावांनी प्रल्हादला दिला.

प्रल्हाद म्हणजे आमचा खलनायक. माणूस इतका मऊ की पायाखाली मुंगी आली तर थांबून तिला जाऊ देईल. पण चार लोक बघायला जमले की त्याच्या अंगात येतं. नारळ फोडायला चाकाजवळ रीतसर दगड ठेवला होता. प्रल्हादनं नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, "हाऽ हाऽ हाऽ" करून तिसऱ्या अंकातलं हास्य केलं, एक पाऊल पुढे टाकलं आणि नारळ दाणकन घातला तो रेडिएटरच्याच डोक्यावर. नारळाची बरोब्बर दोन शकलं झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शालिकराव म्हणाले, "वा! सीझन जोरात जाईल." खोबरं वाटलं. मीही खाल्लं.

दुसऱ्या दिवशीपासून रेडिएटर गळायला लागला.

शालिकरावांचं डोकं फिरलं. "नवा माल अन् गळते? त्या दुकानदाराले आता सोडत नाई!" मुखरूभाऊ रेडिएटरपाशी डोकं घालून बराच वेळ बसले होते. मला खुणेनं बोलावलं. वरच्या टाकीचा सांधा जिथं उलला होता तिथून चिमटीनं काहीतरी ओढून काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. नारळाच्या शेंडीचा तुकडा.

"दुकानदार बिचारा साधा हाये," ते हळूच म्हणाले.

"मग मालकांना सांगा ना."

"कायले? प्रल्हादभाऊले झोप नाई येनार." शेंडी त्यांनी खिशात टाकली आणि मोठ्यानं म्हणाले, "काई नाई जी शालिकराव, सांधा जरासा ढिला हाये. दुकानदारासंग भांडाचं काम नाई. मी पाह्यतो."

पाहतो म्हणाले आणि नुसते पाहतच बसले. गळती काही मोठी नव्हती. कंपनीतला जो तो औषध सांगू लागला. तबलजी म्हणाला साबण चोळा. रंगभूषावाल्यानं मिशा चिकटवायचा डिंक आणून दिला. म्हणाला, या डिंकानं लावलेली मिशी दोन मारामाऱ्यांत निघत नाही, रेडिएटरचं काय घेऊन बसलात! मुखरूभाऊंनी मान हलवली. मी म्हटलं, "हळद टाका." आमच्याकडच्या कोणत्याही ड्रायव्हरला झोपेत विचारा, बारीक गळतीला हळद. रेडिएटरच्या पाण्यात हळदपूड टाकायची, गाडी चालू ठेवायची, हळद पाण्याबरोबर जाऊन भोकात बसते आणि भोक बुजतं. खुद्द मुखरूभाऊंनी कितीतरी लोकांच्या गाड्या अशा हळदीवर घरी पोचवल्या आहेत.

"हळद नाई," ते म्हणाले.

"काऊन?"

"नव्याले लगेच हळद नसते लावाची."

हे शास्त्र मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. असेल बाबा, म्हटलं.

बोडीटोल्याचा दिवस आला. वडशाहून सकाळी निघालो. आरमोरीत थांबलो, चाखलं, ओतलं. गडचिरोलीत थांबलो, चाखलं, ओतलं. रेडिएटर टपटप टपटप. गाडीच्या मागे आमच्या मार्गाची एक ओली रेघ. चाखण्याचा कार्यक्रम मात्र मुखरूभाऊंनी एका खुळखुळीनंही कमी केला नाही. शालिकराव घड्याळ बघून बघून अर्धे झाले. स्टेज बांधायचं होतं, आणि गावाचं पहिलंच नाटक.

झाडीपट्टीत नाटकाच्या दिवशी गावात दिवाळी असते. घरोघरी पाहुणे. सुनांच्या माहेरची माणसं नाटक बघायला येतात, दोन दिवस राहतात. मी मनातल्या मनात म्हटलं, आज बोडीटोल्यात सगळ्यांच्या अंगणात माहेरचे पाहुणे असतील. योगिताच्या अंगणात सहा वर्षांत कोणी आलं नाही. आणि आज बाप गावात येणार, वेशीवरून गाडी नेणार, स्टेजमागे लावणार आणि सकाळी निघून जाणार. त्या पोरीनं ते बघत उभं राहायचं. मला मुखरूभाऊंचा राग आला. खरं सांगतो, तेरा वर्षांत पहिल्यांदा आला.

धानोऱ्यात मी खाली उतरलो, किराणा दुकानातून हळदीचं पाकीट घेतलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "टाका आता मुकाट्यानं. पुढे जंगल आहे."

त्यांनी पाकीट उचललं, देवाच्या फोटोमागे खोचलं. "पाह्यतो."

धानोऱ्यानंतर रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंनी साग आणि ऐनाची झाडं. गाडीचा तापमानाचा काटा वर चढायला लागला होता. मी म्हटलं, थांबून पाणी टाकू. ते म्हणाले, जाते अजून. काटा लाल रेघेला टेकला. मी म्हटलं, मुखरूभाऊ! ते म्हणाले, जाते.

गाव दिसलं. बोनेटमधून भस्सकन वाफ निघाली. गाडी दोनदा उचक्या देऊन उभी राहिली. खिडकीबाहेर बघितलं तर मोहाचं मोठं झाड. उजव्या हाताला होतं.

प्रल्हाद उडी मारून मागे धावला. डिकीत मुखरूभाऊंचे पाण्याचे चार कॅन असतात. रोज सकाळी भरून ठेवलेले, तेरा वर्षांत कधी रिकामे बघितले नाहीत. तिकडून प्रल्हादचा आवाज आला, रंगमंचावरचा, पाऊण गावाला ऐकू जाईल असा: "मुखरूभाऊऽऽ! चारही रिकामे!"

"असतीन," मुखरूभाऊ म्हणाले.

झाडासमोरच्या घराचं अंगण स्वच्छ सारवलेलं. विहिरीपाशी एक बाई उभी होती. आमच्याकडे बघितलं, वळली, दोर सोडला आणि पाणी शेंदू लागली. मी तिला कॉलेजात असताना बघितलं होतं. आता जरा भरली होती, पण योगिताच. घरातून एक म्हातारे गृहस्थ, मनिरामचे वडील, बाज उचलून घेऊन आले आणि झाडाखाली टाकून म्हणाले, "बसा जी." आम्ही कोणी बाजेवर, कोणी खाली बसलो. मुखरूभाऊ बसले नाहीत. घराकडे पाठ करून, वाफ सोडणाऱ्या रेडिएटरकडे बघत उभे.

"गरम हाये. निवू द्या. आत्ता थंडं पानी टाकलं तं इंजिन फाटते," ते रेडिएटरला म्हणाले.

पाण्यानं भरलेली पितळी गुंडी कमरेवर घेऊन योगिता आली आणि बापाच्या मागे चार पावलांवर उभी राहिली. ते वळेनात. गाव हळूहळू गोळा झालं. पाहुण्यारावळ्यांसकट. वाफ कमी कमी होत गेली आणि शेवटी थांबली.

आता पेच बघा. चाखल्याशिवाय हा माणूस गाडीत पाणी ओतत नाही. आणि या घरचं पाणी हा पीत नाही. बाजेवर कुजबूज सुरू झाली. शालिकराव म्हणाले, "चाखून थुकलं तं पेलं नाई होत." तबलजी म्हणाला, "तोंडात गेलं म्हंजे पेलंच." प्रल्हादला राहवलं नाही. पुढे होऊन म्हणाला, "मुखरूभाऊ, मी चाखतो."

"तुमाले का समजते?"

"मंग बिनचाखता ओता ना देवा!" शालिकराव जवळजवळ रडले. "स्टेज कधी बांधाचं?"

"नाई जमत," मुखरूभाऊ म्हणाले.

तेव्हा योगिता म्हणाली, "बाबा, मी चाखते. चालते?"

उत्तराची वाट बघितली नाही. गुंडी खाली ठेवली, वाकवून तळहातावर पाणी घेतलं, तोंडात टाकलं. खुळखुळ, खुळखुळ. डावा डोळा मिटला आणि मोहाच्या फांद्यांतून आकाशाकडे बघितलं. हुबेहूब! आमची सगळी माणसं बसल्या जागेवरून उठून उभी राहिली.

"गोड हाये," ती म्हणाली. "घ्या."

मी म्हटलं, "पोरी, हे तू कुठं शिकलीस?"

"शिकाचं का त्यात, मास्तर? मी लहान होती तवा माय गेली. बाबा मले गाडीवरच घेऊन फिरत. एका गावचं पानी मले बाधलं, लय दिस ताप होता. तवापासून बाबा पयले सोता चाखत, मंग मले पाजत." हसली. "मी पाहू पाहू नक्कल करो."

म्हणजे आम्ही इतकी वर्षं ज्याला गाडीचं वेड म्हणत होतो ते गाडीचं नव्हतंच. मुलगी मोठी होऊन गाडीवरून उतरली आणि सवय राहिली. चाखायची सवय घेऊन माणूस जाणार कुठे, रेडिएटर समोर होता.

मुखरूभाऊ वळले. सुतळी सोडून पेला आणला, तिच्यापुढे धरला. तिनं भरला. त्यांनी तळहातावर घेतलं नाही. पेलाच तोंडाला लावला. आम्ही सगळे चूळ कधी टाकतात ते बघत होतो. शालिकराव तर पुढे वाकून बघत होते. मुखरूभाऊंच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. पाणी पोटात.

"कसं हाये बाबा?" योगितानं विचारलं.

जिल्ह्यातल्या कोणत्याही पाण्याचा निकाल हा माणूस डोळा उघडायच्या आत देतो. मुखरूभाऊंनी पेला परत पुढे केला.

"समजलं नाई. आनखी दे."

तिनं दिलं. ते प्याले. "आनखी दे." तिसऱ्या पेल्यातलं अर्धं पाणी शर्टावर गेलं. चौथ्याला ती पेला भरू शकली नाही, गुंडी ठेवून पदर तोंडाला लावून रडायला लागली. मग बापानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मनिराम स्टेजच्या खड्ड्यांपाशी कुदळ घेऊन होता, तो कुदळीसकट धावत आला आणि काय करावं न समजून तसाच उभा राहिला. मुखरूभाऊ त्याला म्हणाले, "जोहार."

रेडिएटरमध्ये पाणी प्रल्हादनं ओतलं. कोणी चाखलं नाही. मी डबल बेल दिली. गाडी हलेना. पुन्हा दिली. मुखरूभाऊ योगिताच्या अंगणात गूळ-चुरमुरे खात बसले होते. तेरा वर्षांत पहिल्यांदा डबल बेल वाया गेली. शालिकरावांनी पडदे लोकांच्या डोक्यावरून स्टेजपर्यंत नेले आणि एकदाही कुरकुर केली नाही.

नाटक छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीपाशी गेलो तर मुखरूभाऊ देवाच्या फोटोमागचं हळदीचं पाकीट काढून रेडिएटरच्या पाण्यात रिकामं करत होते. इंजिन चालू ठेवलं. पाव तासात गळती बंद. एक थेंब नाही.

मी म्हटलं, "हेच काल धानोऱ्यात केलं असतं तर?"

ते झाकण लावत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "काल कॅनही भरले नाई ना, मास्तर," म्हणाले. "ध्यानातच नाई राह्यलं."

निघताना चारही कॅन योगितानं आणि त्यांनी मिळून विहिरीवर भरले. काठोकाठ.

पाच दिवसांनी वडशाहून निघत होतो. नाटक ब्रह्मपुरीकडे होतं, म्हणजे धानोऱ्याच्या बरोबर उलट दिशेला. मुखरूभाऊ स्टिअरिंगवर बसले आणि म्हणाले, "मास्तर, कॅनातलं पानी संपलं. धानोऱ्याकून जा लागते."

"रेडिएटर गळतोय का?"

"नाई."

"मग चार कॅन पाणी गेलं कुठं?"

मुखरूभाऊंनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि इंजिन चालू केलं. मागे 'विधानसभा सदस्य' झोपले होते. शालिकराव अजून चढायचे होते, पानटपरीवर उभे होते.

मी दोरी धरली आणि डबल बेल दिली.